अर्ज पाठवण्याआधी: सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द कसे तपासायचे

कॉलेजच्या प्राचार्यांना लिहिलेल्या अर्जाची पहिलीच ओळ चुकते. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी पी-ए-एल हवं असतं, तिथे पी-एल-ई पडतं आणि अर्ज ‘तत्त्वा’ला उद्देशून जातो. ईमेलच्या शेवटी ‘कृपया कळवा’ म्हणायचं असतं, पण लिहिलं जातं ‘कृपया सल्ला’. घराच्या फाटकावर ‘विक्रीसाठी’ऐवजी ‘विकणे’ रंगवलेलं दिसतं. चुकीच्या स्पेलिंगखाली येणारी लाल रेघ यातल्या बहुतेक ठिकाणी उमटत नाही, कारण लिहिलेला शब्द इंग्रजीत आहेच. फक्त त्याची जागा ती नाही.

अशा शब्दांच्या जोड्यांच्या लांबलचक याद्या पाठ करूनही चुका होत राहतात. याचं कारण क्रम उलटा असतो. आधी स्पेलिंग पाठ केलं जातं आणि वाक्यात कोणता शब्द हवा आहे हा प्रश्न विचारलाच जात नाही. खालचे टप्पे दिलेल्या क्रमाने घ्या. अर्ज, ईमेल, बायोडेटा, दुकानाची पाटी, काहीही लिहायचं असलं तरी हाच क्रम चालतो.

या लेखात स्पेलिंग शाळेत म्हणायचो तशी अक्षरं सुटी करून दिली आहेत. वाचताना शेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक शब्द स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून पाहा. नुसतं वाचून हे शब्द हातात बसत नाहीत.

तयारी: बसण्याआधी तीन गोष्टी

पहिली गोष्ट, स्वतःच्या चुकांची यादी. पाठवलेल्या ईमेलचा फोल्डर उघडा, जुने अर्ज काढा आणि त्यात कोणत्या जोड्यांवर तुम्ही अडखळला आहात ते वहीत उतरवा. दुसऱ्याने केलेली शंभर जोड्यांची यादी घेऊ नका. प्रत्येकाचे ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा चुकतात, बाकीचे आपोआप बरोबर येतात.

दुसरी, उच्चार ऐकवणारा शब्दकोश. मोबाइलवरचा चालेल, पण त्यात शब्दाशेजारी नाम, क्रियापद, विशेषण अशी नोंद असायला हवी. नुसता मराठी अर्थ देणारं ॲप या कामाला अपुरं पडतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ब्रिटिश की अमेरिकन, हे आधीच ठरवणं. आपल्याकडची सरकारी कार्यालयं, बँका आणि न्यायालयं ब्रिटिश वळणाने लिहितात. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ‘ड्रायव्हिंग लायसन्स’ हे नाम सी-ई ने संपतं. अमेरिकन लिहिणारा तिथे एस-ई लिहितो. बँकेचा चेक ब्रिटिश पद्धतीत सी-एच-ई-क्यू-यू-ई, अमेरिकेत सी-एच-ई-सी-के. इमारतीचा मजला दाखवणारं ‘स्टोरी’ ब्रिटिश पद्धतीत ई-वाय ने संपतं, गोष्ट या अर्थाचं नुसत्या वाय ने. ‘मीटर’चंही तसंच आहे: अंतराचं मीटर आर-ई ने संपतं आणि भिंतीवरचं विजेचं मीटर ई-आर ने. अमेरिकन वळणात यातले बरेच भेद पुसले जातात. अमेरिकेतल्या विद्यापीठाला लिहिताना तिकडचं वळण घ्या, पण एका कागदावर दोन्ही मिसळू नका.

टप्पा १: जोड्यांचे दोन गट करा

वहीतली प्रत्येक जोडी शब्दकोशात ऐका. दोन्ही उच्चार खरोखर एकच असतील तर ती जोडी ‘अ’ गटात टाका. उच्चार वेगळे असून आपल्या तोंडी एक झाले असतील तर ‘ब’ गटात.

‘अ’ गटात येतात प्राचार्य आणि तत्त्व, वह्या-पेनांची ‘स्टेशनरी’ आणि उभ्या गाडीची ‘स्टेशनरी’, गाडीचा ‘ब्रेक’ आणि मोडण्याचा ‘ब्रेक’, ‘देअर’ची तिन्ही रूपं (तिथे, त्यांचा, ते आहेत). इथे इंग्रजी घरात वाढलेला माणूसही कानाने फरक करू शकत नाही, त्यालाही विचारच करावा लागतो. ‘ब’ गटात येतात टेस्ट आणि टेस्ट, म्हणजे परीक्षा आणि चव. लिव्हिंग आणि लीव्हिंग. ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ.

ही विभागणी टाळू नका. ‘ब’ गटाला कानाचा उपाय चालतो. ‘अ’ गटात कान कितीही तयार केला तरी उपयोग शून्य.

तपासा: एखादी जोडी कुठे टाकावी कळत नसेल तर दोन्ही शब्द लागोपाठ तीन वेळा ऐका. तरीही फरक जाणवत नसेल तर शब्दकोशातली उच्चारचिन्हं शेजारी शेजारी ठेवून पाहा. चिन्हं वेगळी असतील तर जोडी ‘ब’ गटातली आहे आणि कानाला थोडी सवय हवी.

टप्पा २: ‘ब’ गट तोंडात वेगळा करा

मराठी माणसाच्या इंग्रजीत हा गट चार कारणांनी तयार होतो. कारण कळलं की एकेका शब्दामागे धावावं लागत नाही.

*इ आणि ई.* सर्वांत जास्त घोळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू. मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधीचा इकार आपण लांबवतो आणि पुढे प्रत्यय लागला की तोच आखडतो: वकील, पण वकिलाला; गरीब, पण गरिबाला. इंग्रजी शब्दही आपण नकळत याच साच्यात ओततो. म्हणून भरण्याचा ‘फिल’ तोंडात ‘फील’ होतो आणि वाटण्याच्या ‘फील’शी गल्लत होते. सोडण्याच्या ‘लीव्ह’ला पुढे ‘इंग’ लागलं की तो आखडून ‘लिव्हिंग’ होतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याला महाराष्ट्रभर ‘लिव्हिंग सर्टिफिकेट’ म्हणतात त्याची मुळं इथे आहेत. बोलताना कुणाचं अडत नाही, पण अर्जात एल-आय-व्ही लिहिलं की कागदावर ‘जगण्याचा दाखला’ मागितला जातो. दाखला सोडल्याचा आहे, म्हणून एल-ई-ए-व्ही-आय-एन-जी. निवृत्तिवेतनासाठी द्यावा लागतो तो हयातीचा दाखला आणखी वेगळा. त्याला इंग्रजीत ‘लाइफ सर्टिफिकेट’ म्हणतात. ‘रिच’ आणि ‘रीच’, ‘स्लिप’ आणि ‘स्लीप’ हीदेखील याच साच्यातली.

*एकच ए.* मराठीत ‘ए’ एकच आहे. इंग्रजीत एक तुटक आहे आणि दुसरा ‘एइ’ असा सरकत जाणारा. परीक्षेचा टेस्ट तुटक, चवीचा ‘टेइस्ट’. विकणे हे क्रियापद ‘सेल’ तुटक आणि त्याचं स्पेलिंग एस-ई-एल-एल. विक्री हे नाम ‘सेइल’, एस-ए-एल-ई. फ्लॅट ‘फॉर’ काय आहे? विक्रीसाठी. म्हणजे नाम, म्हणजे ए-एल-ई. कर्जाचा ‘डेट’ तुटक आहे आणि त्यात न उच्चारला जाणारा बी आहे, तारखेचा ‘डेइट’ सरकता. ओला आणि थांबणे, पेन आणि वेदना, मिळणे आणि फाटक, पत्र आणि नंतर, सगळे याच घरातले.

*स आणि झ.* ‘माझा’ म्हणताना जो झ येतो त्याच्या जवळचा आवाज ‘ॲडव्हाइझ’च्या शेवटी आहे. तो क्रियापदाचा: सल्ला देणे, कळवणे. स्पेलिंगमध्ये तिथे एस आहे. ‘ॲडव्हाइस’ हे नाम स ने संपतं आणि तिथे सी आहे. उपकरण म्हणजे ‘डिव्हाइस’ आणि योजना आखणे म्हणजे ‘डिव्हाइझ’, हेही हुबेहूब तसंच. वजन कमी करणे यातला ‘लूझ’ झ चा आणि त्यात ओ एकच, सैल या अर्थाचा ‘लूस’ स चा आणि त्यात ओ दोन. जिमच्या पाट्यांवर ही जोडी हमखास उलटी दिसते. किंमत स ची, बक्षीस झ चं.

*व.* आपला एकच व इंग्रजीतल्या दोन अक्षरांचं काम करतो. व्ही साठी वरचे दात खालच्या ओठाला लागतात. डब्ल्यू साठी ओठ गोल होतात आणि दात कुठेही टेकत नाहीत. ‘फार’ या अर्थाचा ‘व्हेरी’ व्ही चा, ‘सावध’ या अर्थाचा ‘वेअरी’ डब्ल्यू चा. आरशासमोर उभं राहून ओठ पाहिले की हा फरक लवकर कळतो.

सावधान: इंग्रजी शब्दाशेजारी देवनागरीत साधा उच्चार लिहून ठेवायची सवय या गटात नुकसान करते. ‘टेस्ट’ असं दोन्हीकडे लिहिलं की फरक कायमचा झाकला जातो. लिहायचंच असेल तर ‘टेस्ट’ आणि ‘टेइस्ट’, ‘सेल’ आणि ‘सेइल’ असं फरक दाखवून लिहा.

आणखी एक सापळा: स आणि झ चा नियम सराव या अर्थाच्या ‘प्रॅक्टिस’ला लावू नका. ब्रिटिश पद्धतीत नाम सी ने आणि क्रियापद एस ने लिहितात, पण उच्चार दोन्हींचा स चाच. परवान्याचंही तसंच. या दोन जोड्या ‘अ’ गटात टाका.

टप्पा ३: वाक्यातली जागा कसलं काम करते ते ठरवा

इथून पुढे ‘अ’ गट. स्पेलिंगकडे अजून पाहू नका. आधी एवढंच विचारा: या जागी नाम हवं आहे, क्रियापद हवं आहे की विशेषण?

‘इफेक्ट’ आणि ‘अफेक्ट’ घ्या. यांच्या उच्चारात किंचित फरक आहे, पण बोलताना तो इतका पुसट होतो की ही जोडीही इथेच धरलेली बरी. नेहमीच्या वाक्यांत परिणाम हे नाम ई ने सुरू होतं आणि परिणाम करणे हे क्रियापद ए ने. आधी ‘द’ किंवा ‘ॲन’ लावता येतं का पाहा. येत असेल तर नाम, म्हणून ई. सरकारी आदेशात ‘अमुक तारखेपासून लागू’ असं सांगणारा ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ हा प्रयोग आपल्या ओळखीचा आहे. तिथे नाम आहे, ई आहे. ज्यांचं दररोज कार्यालयीन कागदांशी काम आहे त्यांनी ही एकच ओळ आधाराला धरावी. एक अपवाद माहीत असू द्या: बदल घडवून आणणे या अर्थी ई चा शब्द क्रियापद म्हणूनही येतो. तो क्वचित लागतो, पण कुणी बरोबर लिहिलेला असताना तुम्ही ‘सुधारू’ नये.

‘पास्ट’च्या जोडीत उत्तीर्ण होणे किंवा पुढे निघून जाणे ही क्रिया असेल तर पी-ए-एस-एस-ई-डी. ‘गेली दोन वर्षं मी इथे नोकरी करतो’ यात ‘गेली’ विशेषण आहे, म्हणून पी-ए-एस-टी.

बायोडेटामध्ये ‘मी गटाचं नेतृत्व केलं’ लिहिताना फार लोक घसरतात. नेतृत्व करण्याचा भूतकाळ एल-ई-डी, दिव्याच्या नावासारखा. एल-ई-ए-डी लिहून ‘लेड’ वाचलं तर त्याचा अर्थ शिसं हा धातू होतो. ही चूक वाचण्याच्या क्रियापदामुळे होते. त्याचा भूतकाळ उच्चाराने बदलतो, स्पेलिंगने बदलत नाही, आणि तोच नियम इथे लावला जातो.

टप्पा ४: दोन्ही नामं असतील तर मराठी शब्द ठेवून पाहा

काही जोड्यांत दोन्हीकडे नाम असतं आणि मागची युक्ती चालत नाही. तिथे वाक्यात मराठी शब्द घाला. बहुतेक वेळा मराठीत दोन अर्थांना दोन अगदी वेगळे शब्द असतात, आणि हा आपल्या हातातला मोठा फायदा आहे.

तत्त्व, सिद्धान्त असेल तर पी-एल-ई. प्राचार्य, प्रधान सचिवांमधला ‘प्रधान’, मुख्य आणि कर्जाची मुद्दल, सगळीकडे पी-ए-एल. मुद्दल विसरू नका, गृहकर्जाच्या पत्रव्यवहारात हमखास तिथेच चुकतं.

वह्या-पेनं असतील तर शेवट ई-आर-वाय. पेपर आणि लेटर या दोन्ही शब्दांच्या शेवटी ई-आर आहे, त्यावरून लक्षात ठेवा. थांबलेलं वाहन असेल तर ए-आर-वाय.

पूरक असेल तर ‘कॉम्प्लिमेंट’मध्ये एल नंतर ई, जसा ‘कंप्लीट’मध्ये आहे. प्रशंसा असेल तर आय. नाटकाची सन्मानिकाही प्रशंसेच्याच घरातली, तिथेही आय.

कोर्टातला जामीन बी-ए-आय-एल, कापसाची गाठ बी-ए-एल-ई. विदर्भातल्या जिनिंगवाल्याला १७० किलोची गाठ म्हणायची असताना जामीन लिहिला गेला तर कागद परत येऊ शकतो. रेल्वेतली बर्थ ई ची, जन्म आय चा. नगरसेवक ‘कौन्सिल’मधून येतो, म्हणून सी-आय-एल; समुपदेशकाच्या शब्दात एस-ई-एल. राज्यपाल राज्यघटनेच्या कलम २१३खाली काढतात तो अध्यादेश म्हणजे ‘ऑर्डिनन्स’, त्यात डी नंतर आय आहे. अंबरनाथ, भुसावळ, भंडारा इथल्या आयुधनिर्माणींच्या नावातला ‘ऑर्डनन्स’ हा शब्द दारूगोळ्याचा, त्यात तो आय नाही. बोलताना हा आय अनेकदा गळतो आणि मग दोन्ही सारखे ऐकू येतात.

सावधान: नवी जोडी शिकताना दोन्ही शब्द एकाच दिवशी पाठ करू नका. दोन्ही एकत्र शिकले की एकमेकांना चिकटून बसतात आणि पुढे नेहमी एकत्रच आठवतात. तुम्हाला जास्त लागणारा एक निवडा, तो आठवडाभर वाक्यांत लिहा आणि पक्का करा. दुसऱ्यासाठी ‘जो पहिला नाही तो’ एवढं बहुतेक वेळा पुरतं.

टप्पा ५: वरचा स्वल्पविराम असलेले शब्द फोडून वाचा

हा टप्पा छोटा आहे, पण रोज लागतो. ‘इट्स’, ‘युअर’, ‘हूज’, ‘देअर’ या प्रत्येक जागी शब्द फोडून वाचा: ‘इट इज’, ‘यू आर’, ‘हू इज’, ‘दे आर’. वाक्य टिकलं तर अपॉस्ट्रॉफी हवा. मोडलं तर नको. ‘इट’ आणि ‘हू’ कधी ‘हॅज’नेही फुटतात, म्हणून तेही लावून पाहा.

नामापुढे ‘चा-ची-चे’साठी अपॉस्ट्रॉफी लागतो, म्हणून ‘त्याचा’ या अर्थाच्या ‘इट्स’लाही तो हवा असं वाटतं. सर्वनामांना तो लागत नाही: ‘हिज’ला नाही, ‘अवर्स’ला नाही, ‘इट्स’लाही नाही.

‘तिथे’ या अर्थाच्या ‘देअर’च्या पोटात ‘हिअर’, म्हणजे ‘इथे’ची चारही अक्षरं आहेत. ती सापडली की स्थळ.

तपासा: मोबाइलचा कीबोर्ड ‘इट्स’मध्ये स्वतःहून अपॉस्ट्रॉफी घालतो. घाईत ते लक्षात येत नाही. पाठवण्याआधी हा एक शब्द स्वतंत्रपणे पाहा.

टप्पा ६: पूर्ण मसुद्यावरून शोध चालवा

लिहिताना मध्येच थांबून तपासू नका. आधी मजकूर संपवा. मग संगणकावर कंट्रोल आणि एफ दाबून, किंवा मोबाइलवर ‘शोधा’ हा पर्याय उघडून, वहीतला एकेक शब्द टाका. जोडीतले दोन्ही शब्द शोधा. जिथे सापडेल तिथे टप्पा ३, ४ किंवा ५ मधली कसोटी लावा आणि पुढे जा. सगळीकडे एकदम बदलणारं बटण मात्र वापरू नका. त्याच पत्रात एके ठिकाणी मुद्दल आणि दुसऱ्या ठिकाणी तत्त्व असू शकतं.

मोठ्याने वाचून तपासायचा सल्ला सर्रास दिला जातो. ‘ब’ गटासाठी तो चांगला आहे. ‘अ’ गटातल्या चुका मात्र मोठ्याने वाचून कधीच सापडणार नाहीत, कारण चुकीचा शब्दही तसाच ऐकू येतो. शेवटून पहिल्या शब्दाकडे उलटं वाचत जाण्याची युक्ती टायपिंगच्या चुकांना चालते, इथे ती उलटीच पडते. इथे शब्दाची परीक्षा वाक्यातच होते आणि उलटं वाचताना वाक्यच हरवतं.

बोलून टाइप करत असाल तर हा टप्पा दुप्पट काळजीने करा. यंत्रापर्यंत फक्त तुमचा उच्चार पोहोचतो, स्पेलिंग ते अंदाजाने निवडतं.

एक पत्र धरून पाहू

समजा, गृहनिर्माण संस्थेचे सचिव बँकेला ईमेल लिहीत आहेत: संस्थेने कर्जाची मुद्दल फेडण्यासाठी चेक दिला, तो तिच्या खात्यातून वटला नाही, व्याजावर परिणाम होईल का ते कळवावे. एवढ्या चार ओळींत पाच सापळे आहेत. मुद्दल: पी-ए-एल. चेक: भारतातली बँक, म्हणून क्यू-यू-ई. ‘तिच्या खात्यातून’: ‘इट इज’ लावून वाक्य मोडतं, म्हणून अपॉस्ट्रॉफी नाही. ‘परिणाम होईल का’ हे इंग्रजीत क्रियापदाने लिहिलं तर ए, ‘काही परिणाम’ असं नामाने लिहिलं तर ई. म्हणजे इथे आधी वाक्याची रचना ठरवावी लागते, स्पेलिंग त्यानंतर येतं. शेवटी ‘कळवावे’: क्रियापद, झ चा उच्चार, म्हणून एस.

एक गोष्ट या कसोट्यांच्या बाहेर ठेवा: विशेषनामं. दुकान, कंपनी, संस्था यांनी नोंदणीत जे स्पेलिंग दिलं आहे तेच लिहावं लागतं, मग ते तुमच्या नियमाला धरून असो वा नसो. बिलावर किंवा चेकवर नाव लिहिताना ते ‘दुरुस्त’ केलं तर चेक परत येऊ शकतो. नोंदणीचा कागद किंवा संस्थेचं लेटरहेड समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

वहीतली जोडी कधी खोडायची, तर सलग बऱ्याच मसुद्यांत शोध चालवूनही ती एकदाही चुकलेली सापडली नाही तेव्हा. खोडल्यावर त्या जागी नवी जोडी लिहा आणि पुढच्या मसुद्यापासून तिचा शोध सुरू करा.